कापडाचे नमुने

४ मार्च

टोप विकणाऱ्या बाईंस,

नमस्कार पत्राच्या शेवटी करीन, करावासा वाटला तर.

तुमच्या ऑनलाईन दुकानात तक्रार लिहायला एक चौकोन ठेवला आहे. त्यात जेमतेम चार ओळी मावतात, पाचवी लिहायला घेतली की तो लाल होतो. माझा राग चार ओळींचा नाही. म्हणून दुकानाच्या पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात छापलेला तुमचा पत्ता भिंग लावून वाचला आणि हे पत्र लिहायला बसले.

मी न्यायालयातली निवृत्त लघुलेखिका. उभा जन्म लोकांचं बोलणं शब्दाला शब्द उतरवून घेण्यात गेला. कोण काय म्हणालं आणि मागाहून कोण ‘मी असं म्हणालोच नाही’ म्हणालं, हे माझ्या बोटांना पाठ आहे. तेव्हा माझ्याशी शब्दांचे खेळ करू नका.

तुमच्याकडे मी माझ्या धाकट्या बहिणीचे केस पाठवले होते. तिला कॅन्सर आहे. केमो सुरू झाली की केस गळणार हे ठरलेलं, म्हणून त्याआधीच ते कापून घेतले. तुमच्या पानावर तुम्हीच लिहिलं होतं, ‘तुमच्याच केसांचा टोप, तुमच्याच चेहऱ्यासाठी.’ वेणी मी माझ्या हातानं बांधली. मुळांकडे लाल फीत, शेंड्यांकडे पांढरी, तुम्ही सांगितलं होतं तश्शी. केस तुम्हाला पोचले. तुम्ही टोप केलात. त्याचा फोटो पाठवलात. फोटो बघून धाकटीनं पहिला प्रश्न काय विचारला असेल? “ताई, तुला आवडला?” स्वतःला आवडला की नाही हेही बिचारीला कळेना, इतकी ती खचली आहे.

तो टोप कुठे आहे?

तुमचं पान म्हणतं ‘पाठवला’. टपालाचं पान म्हणतं ‘वाटेत’. महिना होत आला, वाटेतच आहे. एव्हाना चालत निघाला असता तरी पोचला असता. टपालाला फोन केला तर तिथली मुलगी म्हणते, चौकशी पाठवणाऱ्यानं करायची असते. तुम्हाला निरोप टाकला तर उत्तर आलं, ‘पार्सल टपालात दिल्यानंतर आमची जबाबदारी संपते.’ खाली जोडलेल्या हातांचं चित्र. हात जोडायला एवढी घाई, आणि झटकायला त्याहून!

बाई, मी नन्सच्या शाळेत शिकले. आमच्या मदर एखादीला चिठ्ठी देऊन दुसऱ्या वर्गात पाठवत. चिठ्ठी वाटेत हरवली, तर “मी अमकीच्या हातात दिली होती” हे उत्तर त्यांना चालत नसे. “मी तुझ्या हातात दिली होती,” एवढंच म्हणत आणि उभं करत. तुम्हीही उभ्या राहा.

आता मुद्द्याचं. धाकटीच्या दोन केमो झाल्या, डोक्यावर एक केस उरलेला नाही. टोप आल्याशिवाय ती घराबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. तिसऱ्या केमोची वेळ आम्ही चुकवली. मी तिला सांगितलं आहे की टोपाचा भांग नीट बसत नाही म्हणून तुम्ही अजून त्यावर हात फिरवताय. हे खोटं मी तुमच्या वतीनं बोलते आहे, याची नोंद घ्या.

नमस्कार करावासा वाटला नाही.

निवृत्त असले तरी झोपी न गेलेली,
तुमची एक ग्राहक

९ मार्च

आदरणीय मॅडम,

साष्टांग नमस्कार. माझ्याकडून तरी घ्या.

तुमचं पत्र मिळालं. उत्तर पत्रानंच देते आहे, कारण दुकानाच्या निरोपांतून लिहिलेलं सगळं ती ऑनलाईन कंपनी वाचते. ‘जबाबदारी संपते’ हे वाक्य माझं नाही हो. दुकान उघडताना कंपनीनं आयती वाक्यं दिली होती, त्यातल्या काहींपुढे मी खूण केली. कोणती, तेही आता आठवत नाही. ते उत्तर आपोआप जातं, हात जोडलेल्या चित्रासकट.

मी पूर्वी नाटकवाल्यांसाठी टोप करायचे. म्हणून सगळे मला टोपवाली म्हणतात. नाटकं कमी झाली तशी हे सुरू केलं. दुकान म्हणजे आमची पुढची खोली. खिडकीशी लाकडी डोकी ओळीनं मांडलेली. सासूबाई केस निवडतात, मी आकडीनं एकेक केस जाळीत ओवून गाठ मारते. मुळं एकीकडे आणि शेंडे एकीकडे राहिले नाहीत तर टोपाचा गुंता होतो, म्हणून तुमच्या फितींचं सासूबाईंना फार कौतुक वाटलं. “पाठवणारी बाई शिस्तीची दिसते,” म्हणाल्या. धाकट्या ताईंचे केस जड, सरळ, आणि कपाळापाशी थोडे बंडखोर. ते तसेच बंडखोर ठेवले होते मी.

टपालात चौकशी दिली आहे. पार्सल देताना जसं लिहून दिलं होतं, तसंच्या तसं पुन्हा लिहून दिलं आहे. ते म्हणाले, सापडलं की कळवू.

एकच विनंती. कंपनीकडे तक्रार नोंदवू नका. या मोसमात माझी आणखी दोन पार्सलं अशीच नाहीशी झाली आहेत. तिसरी तक्रार गेली की दुकान बंद करतात, आणि घरात कमावणारी मी एकटी आहे. तुमचे सगळे पैसे परत देते.

आपली,
टोपवाली

१३ मार्च

टोपवाली,

तुम्हीच तशी सही केलीत, म्हणून तसंच लिहिते.

पैसे मागितले होते का मी? पुन्हा पत्र वाचा. मी टोप मागितला होता. पैसे परत आले तर ते काय धाकटीच्या डोक्यावर चिकटवू?

‘टपालानं हरवलं’ म्हणता. टपाल मी निवडलं नव्हतं, तुम्ही निवडलंत. वस्तू माझ्या हातात पडली की माझी, तोवर तुमची. हे समजायला न्यायाधीश लागत नाही. आयत्या वाक्यांपुढे खूण केलीत म्हणता! न्यायालयात असे पुष्कळ पाहिले. न वाचता सही करायची आणि मग साक्षीच्या पिंजऱ्यात डोळे पुसायचे.

तक्रार मी अजून नोंदवलेली नाही. तुमच्यावरच्या दयेपोटी नाही. नोंदवली की तुम्ही शोधायचं थांबाल, या भीतीपोटी.

इथलं सांगते, म्हणजे तुम्ही कशाशी खेळताय ते कळेल. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “तुम्ही आला नाहीत?” मी म्हटलं, बहिणीला ताप आहे. आणखी एक खोटं. त्या म्हणाल्या, ताप उतरला की लगेच आणा, या औषधात खंड पडू देऊ नका. धाकटीकडे गेले तर तिनं चादर डोक्यावर ओढून घेतली. मी खोलीत पाऊल टाकलं की ओढून घेते. चादरीतून विचारते,

“बसला का भांग?”

“बसतोय.”

“मग पुढच्या खेपेला जाऊ.”

“फडकं बांधून जाऊ या ना.”

“फडकं बांधलं की पाटी लावायची गरज नाही, ताई.”

गंमत म्हणजे झाडूपोछा करायला जी बाई येते, तिच्यासमोर ही उघड्या डोक्यानं बसते! चक्क गप्पा मारते. परवा त्या बाईनं तिच्या टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाली, “किती गुळगुळीत हो, माझ्या पातेल्यासारखं!” दोघी खिदळल्या. मी आत गेले, हिनं चादर ओढली. परक्यांची लाज नाही आणि सख्ख्या बहिणीची लाज. आजारपणात माणसाचं डोकं फिरतं, दुसरं काय.

शोधा. मला उत्तर नको, टोप हवा.

ताई (तिची. तुमची नव्हे.)

१८ मार्च

आदरणीय मॅडम,

चौकशीचं उत्तर आलं. ‘वर्णनाशी जुळणारी वस्तू आढळली नाही.’ मी पुन्हा अर्ज दिला आहे.

तोवर एक सुचवते. माझ्याकडे एक तयार टोप आहे, दुसऱ्या केसांचा, जवळजवळ त्याच रंगाचा. तो मी स्वतः घेऊन येते, टपालात टाकत नाही. मापाची पट्टी तुम्ही पाठवली होती, ती आहेच माझ्याकडे. एका दिवसात बसवून देईन. पैसे नकोत.

आणि लहान तोंडी मोठा घास घेते, रागावू नका. धाकट्या ताईंना खरं सांगून टाका. भांग बसतोय म्हटल्यावर त्या वाट बघणारच. टोप नाही म्हटलं तर रडतील, चिडतील, पण थांबणार नाहीत. मी माझ्या टोपांच्या गिऱ्हाईकांना फार जवळून बघितलं आहे. डोक्याचं माप घ्यायला बसल्या की बायका नवऱ्याला सांगत नाहीत ते सांगतात. जी झाडूपोछावाल्या बाईसमोर उघडी बसू शकते, तिला रस्त्याची भीती वाटत असेल, असं मला वाटत नाही.

टोपवाली

२२ मार्च

टोपवाली,

दुसऱ्या कुणाचे केस? धाकटी आठवीत असल्यापासून तिची वेणी मी घातली आहे. आई आजारी असायची. कुठला केस कुठे वळतो ते मला ठाऊक आहे. तिच्या डोक्यावर दुसऱ्या बाईचे केस ठेवून तिला मी फसवू?

हो, फसवतेच आहे. ते लिहायची गरज नाही, मला लिहिता-वाचता येतं.

सल्ला नको. तुम्ही टोप करता, संसार करता, तेवढं करा. माझ्या घरात कोणी कुणाला काय सांगायचं ते मी बघीन.

आज पुन्हा वेळ चुकली. डॉक्टरीणबाईंनी या वेळी फोन केला नाही, घरी आल्या. जिना चढून. मी दारातच त्यांना सांगणार होते की ती झोपली आहे, पण त्या थेट आत गेल्या. धाकटीची मान दाबून बघितली, काख दाबून बघितली. बाहेर आल्यावर चपला घालता घालता म्हणाल्या, “गाठ लहान झाली होती. आता पुन्हा हाताला लागते आहे. तुम्ही दोघी कशाची वाट बघताय?” मला उत्तर सुचलं नाही. मला! ज्या बाईच्या जिभेला न्यायालयातले वकील घाबरायचे, तिला.

त्या गेल्यावर स्वयंपाकघरात उभी राहिले. नळ चालू होता. बराच वेळ चालू होता, बंद करायचं सुचेना.

मी जन्मात कुणापुढे हात जोडले नाहीत. वरिष्ठांपुढे नाही, देवापुढे सुद्धा मदर बघत असल्या तरच. तुमच्यापुढे जोडते. अर्ज पुरे झाले. हरवलेल्या वस्तू जिथे ठेवतात, तिथे स्वतः जा. फळ्या-फळ्या चाळा. माणसांना हलवा, रडा, काय वाटेल ते करा. तुमची सासू, तुमचं दुकान, मला सगळ्याचं वाईट वाटतं, पण माझी बहीण एकच आहे.

ताई

२९ मार्च

मॅडम,

तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी माझी चांगली साडी काढून पलंगावर ठेवली. म्हणजे, जा.

गेले. गावाबाहेर मोठं पत्र्याचं कोठार आहे. आत फळ्याच फळ्या, आणि त्यांवर लोकांच्या वस्तू. खेळणी, बूट, काचेचं काय काय, एक आख्खी सतार. दारापाशी कारकून बसला होता. त्यानं विचारलं, आत काय होतं?

मी म्हटलं, कापडाचे नमुने.

तुम्हाला हे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. मी माझ्या प्रत्येक पार्सलवर ‘कापडाचे नमुने’ असंच लिहिते. टोप असं कधीच लिहीत नाही. सुरुवातीला लिहायचे. एका बाईंच्या दारात पोचवणारा माणूस ओरडला, “विगवाल्या बाई, पार्सल!” शेजारपाजारची दारं उघडली. त्या बाईंनी मला जे निरोप पाठवले ते मी अजून पुसलेले नाहीत. तेव्हापासून बाहेर कापड, आत कोऱ्या कागदात टोप, नावगाव काही नाही. गिऱ्हाईकांनाही तेच हवं असतं. तुम्हीही मागणी देताना लिहिलं होतं, ‘बाहेर कसलाही उल्लेख नको. या इमारतीत डोळे फार आहेत.’ हे मी स्वतःला सोडवून घ्यायला लिहीत नाही. आहे तसं लिहिते आहे.

कारकुनानं मला कापडाच्या फळीपाशी नेलं. तीन-चार खोकी होती, एकही माझं नव्हतं. मी तिथेच खाली बसले. मग तुमचे जोडलेले हात आठवले आणि म्हणाले, “दादा, कापड नव्हतं. केस होते.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “केस? मग कापड कापड काय करताय, बाई?”

मग त्यानं सांगितलं, पार्सल ओलं झालं होतं. पत्त्याचा कागद सुटून गेला. इथे आणून उघडलं तेव्हा वर कापड लिहिलेलं आणि आत केस, म्हणजे कुणाचं ते कळेना. त्यांनी ‘केस’ म्हणून वेगळं ठेवलं आणि केस विचारत कोणी येतं का, याची वाट पाहिली. कोणीच आलं नाही. मी अर्जामागून अर्ज करत होते, कापडासाठी. खरं लिहिलं असतं तर खोटी माहिती देऊन पार्सल पाठवलं म्हणून टपालानं माझं खातं बंद केलं असतं. मला वाटलं, खोकं तर तेच आहे, आज ना उद्या सापडेल. कशाला कबूल करायचं?

केस, कातडं, खायच्या वस्तू ते फार ठेवत नाहीत. उंदीर लागतात. मागच्या आठवड्यात जाळलं. माझी आधीची दोन पार्सलंही तिथेच गेली होती. “तुमचीच होय ती?” म्हणाला. “आम्ही म्हणायचो, एवढे केस कोण पाठवतंय आणि शोधत कसं नाही.”

तुम्ही मला पहिलं पत्र लिहिलंत, तेव्हा टोप त्या फळीवर होता, मॅडम. धाकट्या ताईंची पहिली वेळ चुकली तेव्हाही होता. दुसरं पत्र लिहिलंत तेव्हाही.

जबाबदारी माझी आहे. टपालाची नाही.

टोपवाली

२ एप्रिल

पत्र पोचलं.

पुन्हा लिहू नका.

१५ एप्रिल

मॅडम,

लिहू नका म्हणालात तरी लिहिते. शिव्या द्यायच्या तर यालाच उत्तर म्हणून द्या.

टपालाला सगळं खरं लिहून दिलं. त्यांनी खातं बंद केलं. कंपनीनं दुकानाचं पान उतरवायच्या आधी मीच उतरवलं. खिडकीतली डोकी सासूबाईंनी पोत्यात भरून माळ्यावर टाकली. एक तेवढं त्यांच्या हातून सुटेना. धाकट्या ताईंच्या मापाला मेण चढवून जे तयार केलं होतं, ते. ते अजून खिडकीत आहे. मी त्याच्याकडे पाठ करून बसते.

रोज वाटतं, आज त्यांची वेळ असेल. आज गेल्या असतील. आज नसतील गेल्या. शिवायला बसले की तेच, भांडी घासताना तेच. सासूबाई म्हणाल्या, “तू दोन-दोनदा तेच भांडं घासतेस.” मला माफ करा असं लिहायचं धाडस नाही. त्या गेल्या की नाही, एवढंच एका ओळीत कळवा. पत्र नको, नुसतं ‘गेली’ किंवा ‘नाही’ लिहा. पाया पडते.

टोपवाली

२३ एप्रिल

अगं टोपवाली,

एका ओळीत लिहायला तू मला ओळखत नाहीस.

तुझं ते पत्र आलं त्या दिवशी मी ते घडी घालून पदराला खोवलं आणि दिवसभर घरात हिंडले. तुला काय काय म्हणायचं त्याची मनात यादी केली. यादी छान झाली होती, लघुलिपीतही मावली नसती. पण मध्येच लक्षात आलं की तू केलंस तेच मी करते आहे. आत एक, बाहेर दुसरंच लिहिलेलं. तू कापड लिहिलंस, मी भांग. आणि बाहेर काही लिहू नका असं तुला सांगणारी मीच.

चहा घेऊन धाकटीच्या दारात गेले. तिनं चादर ओढली. मी तिथूनच म्हणाले, “टोप हरवला.”

“कधी?”

“महिना होऊन गेला. आता जाळलाही.”

“आणि भांग?”

“भांग मी बसवत होते.”

मला वाटलं आकाशपाताळ एक करील. चादरीतूनच म्हणाली, “मग आपण थांबलो कशाला, ताई?”

“तूच म्हणालीस, टोपाशिवाय बाहेर पडणार नाही!”

तेव्हा तिनं चादर काढली. “बाहेरच्यांचं मला काय पडलंय? केस गळले त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलताना उशीकडे बघतेस. चहा देतेस तो खिडकीकडे बघून. औषध देतेस ते बाटलीवरचं वाचत. दवाखान्यात नेलं असतंस तर अख्खा रस्ता मान फिरवून चालली असतीस. मी टोप तुझ्यासाठी सांगितला होता. म्हटलं, टोप घातला की बघेल.”

माझ्या हातून चहा सांडला, तो पुसायला वाकले. तर म्हणाली, “बघ, पुन्हा जमिनीकडे.”

दुसऱ्या दिवशी निघालो. तिनं फडकंही बांधलं नाही. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. “अगंबाई, हे काय झालं!” मी म्हटलं, “डोकं आहे. तुमच्याकडे नसतं का?” धाकटी रस्त्यावर येईपर्यंत कठडा धरून हसत होती. दम लागला तिला. हसण्यानंच लागला, असं मी धरून चालले आहे.

गेली, हे तुला कळवते. पण ‘गेली’ म्हणून तुझा जीव भांड्यात पडायला नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधीचं औषध आता पुरं पडणार नाही. दुसरं सुरू केलं आहे, त्यानं ती जेवत नाही, ओकते, भिंतीला धरून चालते. मी विचारलं, बरी होईल ना? त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. ते बघणं मला ओळखीचं होतं.

त्या चुकलेल्या वेळा कुणाच्या नावावर टाकायच्या, यावर मी पुष्कळ डोकं फोडलं. तुझ्या नावावर, तर तू एकटी पुरत नाहीस. माझ्या नावावर टाकते तर धाकटी ओरडते. शेवटी कंपनीकडे मी तक्रार नोंदवली. हो, नोंदवली. टोप मला मिळाला नाही हे खरं आहे, आणि खरं ते लिहायचं मी आता सोडणार नाही. त्याच तक्रारीत हेही लिहिलं की बाहेर काही लिहू नका असं मीच सांगितलं होतं. चौकोन लाल झाला, म्हणून कागदावर लिहून पाठवलं. पुढे ते काय करतील ते करोत.

तुला माफ केलं, असं लिहिणार नाही. केलेलं नाही. पण डोकी माळ्यावरून खाली काढ. पुन्हा कर टोप, आणि खोक्यावर ठळक अक्षरात ‘केसांचा टोप’ लिही. जिला लाज वाटेल तिनं तुझ्या दारात येऊन न्यावा. ज्या बायकांना हवा आहे त्यांना तो वेळेवर मिळू दे. आणि त्या मेणाच्या डोक्याकडे पाठ करून बसू नकोस. मोड नाहीतर बघ.

धाकटीचं डोकं मी रोज तेलानं चोळून देते, कातडी कोरडी पडते म्हणून. डाव्या कानाच्या वर एक तपकिरी डाग आहे, मसुराएवढा. तिला स्वतःला माहीत नव्हता. एवढी वर्षं वेणी घातली आणि मलाही माहीत नव्हता. आईनं पाहिला असेल, ती तान्ही असताना.

आज पुन्हा तिच्या खाटेशी बसून हे लिहिते आहे. नर्स शीर शोधते आहे, सापडत नाही, पुन्हा टोचते आहे. सुई आत जाताना धाकटी डोळे मिटून घेते.

मी मिटत नाही.

ताई